अद्याप न मोडलेल्या हाताखाली उभे राहण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य यंत्रसुरक्षा निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय.

विषय: रुग्ण उचलणाऱ्या यंत्राचा हात मोडल्याची फेरचौकशी होऊन खऱ्या दोषीस शासन होणेबाबत.

संदर्भ: आपला दि. २ चा अहवाल. निष्कर्ष, 'चाचणी कामगाराचा निष्काळजीपणा'.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन करते.

१. मी कारखान्याच्या आरेखन विभागात अकरा वर्षे गणना करीत आहे. अहवालातील 'निष्काळजी कामगार' हे माझे धाकटे दीर. हात कोसळून त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली, आणि आपल्या अहवालाने चाचणीचा परवानाही गेला.

२. हात हलका तरी मजबूत व्हावा म्हणून धातू कुठे ठेवायचा व कुठून काढायचा, हे संगणक ठरवतो. त्यासाठी हाताचे काल्पनिक चौकोन पाडतात. वेळ वाचवण्यासाठी मुख्य अभियंत्यांनी चौकोन मोठे ठेवले, त्याची भरपाई म्हणून प्रत्येकात वरच्या घाताचे, म्हणजे जास्त वळणे टिपणारे, समीकरण बसवले आणि धातूचा नकाशा मात्र एका चौकोनात चौसष्ट ठिपके इतका बारीक केला. एवढे बारीक त्या समीकरणाला दिसत नाही. चाळणीची भोके मोठी आणि पीठ बारीक, असा हा प्रकार. परिणामी एकमेकांना न चिकटलेले तुकडेही संगणकाने जोडलेले धरले. हात कागदावर भक्कम, प्रत्यक्षात अधांतरी.

३. हे मी लेखी कळवले. मुख्य अभियंता सर्वांदेखत म्हणाले, "बाई, डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. फटी काय, हाताने बुजवू." तुकड्यांमधल्या त्या फटी त्यांनी नकाशावर खरोखरच हाताने बुजवल्या. जोड जेमतेम पेन्सिलीएवढे जाड झाले. त्यांना उत्कृष्ट आरेखनाचे मानचिन्ह मिळाले, मला जुन्या नकाशांच्या गोदामात बदली.

४. चाचणीत ठरलेल्या वजनाच्या निम्म्यालाच हात मोडला. वजन हिसक्याने टाकले, असे अहवाल म्हणतो. दीर अंथरुणावरून मला एवढेच म्हणाले, "वहिनी, हिसका दिला असता तर मी कबूल केलं असतं." ते खोटे बोलत नाहीत. पत्त्यांतसुद्धा नाही, म्हणून कायम हरतात.

५. सबब विनंती की, अहवाल रद्द करून परवाना परत द्यावा. भिंतीवर लावलेले मानचिन्ह मुख्य अभियंत्यांनी स्वतः, दोन्ही पाळ्यांसमोर, स्क्रू काढून उतरवावे. त्यांची चौकोनांच्या गणिताची पहिल्या वर्षाची परीक्षा पुन्हा घ्यावी. प्रश्नपत्रिका मी काढीन, तपासीनही मीच. कृपागुण देणार नाही.

६. हा अर्ज सूडबुद्धीने केला आहे, असे आपणांस वाटेल. ते खरे आहे. परंतु सूडबुद्धीने केलेली बेरीजही बरोबर येते. सोबतची पाने कोणाकडूनही तपासून घ्यावीत.

७. त्याच नकाशावरून बनवलेला दुसरा हात कारखान्यात तयार आहे. मुख्य अभियंत्यांनी तो 'पूर्ण सुरक्षित' असल्याचा दाखला दिला असून पुढील आठवड्यात तो रुग्णालयात जाणार आहे. म्हणून मी सोमवारी त्यांना लेखी विनंती केली, की पूर्ण वजन टांगून त्याखाली उभे राहावे, कारखान्याच्या पत्रिकेसाठी छायाचित्र काढू. त्यांचे उत्तर त्याच दिवशी आले. ते जोडले आहे.

आपली नम्र, पण माघार न घेणारी,
(सही)
गणना सहायक, सध्या जुन्या नकाशांचे गोदाम
दि. १४

सोबत:
१) माझी गणना, पाने एकवीस.
२) दुसऱ्या हाताचा सुरक्षितता दाखला, मुख्य अभियंत्यांच्या सहीचा.
३) मुख्य अभियंत्यांचे उत्तर, त्याच सहीचे: "जिवाला धोका असल्याने सदर हाताखाली उभे राहता येणार नाही."