सासऱ्यांचं स्टेशन, माझ्या हातचं

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून सुरुवात. मागच्या खोलीतल्या टेबलावर माझी छोटी आगगाडी गेलं वर्षभर नुसती गोल फिरतेय. इंजिन आहे, डबे आहेत, रूळ आहेत, पण उतरायला गाव नाही. आता गाव करायचं. गावात स्टेशन, आणि तेही साधंसुधं नाही, सासऱ्यांचं.

सासरे नोकरीभर एकाच लहानशा स्टेशनचे मास्तर होते. १५ मार्चला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात, वाढदिवस आपल्याकडे. फोनवर सांगूनच टाकलं, तुमचं स्टेशन तुमच्यापुढे उभं करतो, माझ्या स्वतःच्या हातांनी. ते म्हणाले, जावईबापू, तुमच्या हातून पुरं झालेलं एक तरी काम बघायचंय मला.

चेष्टाच ती. पण लागली. बागेचं कुंपण, गिटार आणि हिच्या शिलाई मशीनचं झाकण ही तिन्ही कामं चालू आहेत. चालू असणं वेगळं आणि अर्धवट असणं वेगळं.

४ फेब्रुवारी
दुकानात गेलो. दुकानदाराने तयार इमारती पुढे मांडल्या. स्टेशन, सिग्नल केबिन, पाण्याची टाकी, चार घरं. म्हणाला, स्वस्त आहेत, खोक्यातून काढा, ठेवा, की झालं गाव. मी हसलो. म्हटलं, अहो, दुसऱ्याच्या पोराचं प्रगतिपुस्तक आपल्या घरी लावण्यातला प्रकार हा. तो म्हणाला, पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात.

मी सगळ्यांतला नाही. पुठ्ठा, ब्लेड, गोंद, बारीक ब्रश, भिंगाचा दिवा आणि एक एप्रन घेऊन आलो. एप्रन महत्त्वाचा. त्याशिवाय कारागीर वाटत नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ
प्लॅन काढला. फार सुंदर. ही चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, बाबांचं स्टेशन कसं होतं ते सांगू का? हिचं लहानपण स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. म्हटलं, नको. जास्त माहितीने कल्पनाशक्तीला अडचण होते. ही म्हणाली, बरं. आणि गेली. समजूतदार आहे.

१५ फेब्रुवारी
एक भिंत तयार! खिडकी किंचित तिरकी, पण जुन्या इमारतींना ते शोभतं. दरवाजा कापायचा राहिला, तो मागून कापता येईल.

तेवढ्यात भिंत अंगठ्याला चिकटली. निघेना. उद्या ऑफिसात सही कशी करणार? शेवटी हिने अंगठा गरम पाण्यात बुडवायला लावला. अंगठा सुटला. भिंतीचा लगदा झाला. पुठ्ठाच हलका निघाला, त्याला मी काय करणार.

२२ फेब्रुवारी
नवा निश्चय. रोज पहाटे पाचला उठायचं आणि ऑफिसच्या आधी एक भिंत. गजर लावला.

२३ फेब्रुवारी
सव्वाआठ. गजर हिने बंद केला म्हणे, कारण मी तिलाच बंद कर म्हणून सांगितलं. झोपेत बोललेलं धरायचं नसतं, हे इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी
दाढी करताना एक विचार चमकला. खरे स्टेशन मास्तर तरी स्टेशन स्वतः बांधतात का? नाही! त्यांना ते बांधून तयारच मिळतं. त्यांनी फक्त चालवायचं. म्हणजे तयार स्टेशन आणणं हेच जास्त खरं. इतके दिवस मी वस्तुस्थितीपासून दूर जात होतो.

दुकानदाराने काही न बोलता खोकं बांधून दिलं. त्याचं ते न बोलणं मला आवडलं नाही. घरी हिने विचारलं, पिशवीत काय? म्हटलं, ऑफिसचे कागद. खोकं कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवलं. कुणाला पत्ता लागणार नाही.

३ मार्च
स्टेशनला ब्रशने काजळी लावली, भिंतीवर थोडे ओघळ काढले. म्हणजे आता ती हस्तकलाच झाली. पण घरांत गडबड आहे. निम्म्या किमतीत होती म्हणून घेतली, ती निघाली लहान मापाच्या गाड्यांची. छप्पर डब्याच्या खिडकीशी येतंय. माणूस दारातून रांगत जाईल. हरकत नाही, ती घरं लांबची आहेत असं समजायचं. लांबून सगळंच लहान दिसतं.

७ मार्च, शनिवार, संध्याकाळ
दुपारी एप्रन घालून टेबलाशी बसलो होतो, जरा डोळा लागला. जागा होऊन बघतो तर समोर बाक! आइस्क्रीमच्या काड्यांचा, प्लॅटफॉर्मवर असतो तसा, पाठ टेकायच्या पट्ट्यांसकट. डुलकी लागण्याआधी मीच केला असणार. एकदा हात बसला की तो आपोआप चालतो, असं कारागिरांबद्दल ऐकलंय.

एक पाय आखूड झालाय. कानशीने बाकीचे घासून सारखे करणार होतो, तर हिने बाक हातातून काढूनच घेतला. म्हणाली, त्याला अजिबात हात लावायचा नाही. इतकी कळकळ! माझ्या कामाबद्दल हिला मनातून अभिमान आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

८ मार्च
स्टेशन बसवलं. सरळ रूळ कपाटाकडे आहेत, तिथे ठेवलं तर सासऱ्यांना दिसणार कपाट. म्हणून समोर, वळणावर. प्लॅटफॉर्म रुळाला अगदी खेटून, म्हणजे म्हाताऱ्या प्रवाशांना उतरताना त्रास नको. पक्क्या गोंदाने चिकटवलं. आता भूकंप झाला तरी हलायचं नाही. हिने बाक आणून प्लॅटफॉर्मवर ठेवला. इंजिन फिरवून बघितलं. झोकात गेलं.

१३ मार्च
ही विचारत होती, डबे लावून बघितलं का? डबे लांब असतात, वळणावर पोटाशी बाहेर येतात. म्हटलं, अगं, जिथून इंजिन जातं तिथून डबे जातात, त्याच्या मागेच तर असतात ते. रेल्वेत वाढलेल्या बाईला हे मी समजावून सांगायचं म्हणजे कमाल आहे. डबे मुद्दाम लावले नाहीत. पहिला मान सासऱ्यांचा.

१५ मार्च, रविवार
झालं ते सगळं लिहितो.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात जुनी शिट्टी. खुर्ची टेबलासमोर मांडली. स्टेशनकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, छान आहे हो, पण आमचं नाही हे, आमचं पत्र्याचं होतं. मी म्हटलं, पुढे सुधारणा झाली असं धरा. मग त्यांनी शिट्टी फुंकली. खोलीत कान बसतील अशी. मी बटण फिरवलं.

इंजिन स्टेशनसमोरून गेलं. पहिला डबा वळणावर पोटाशी बाहेर आला आणि प्लॅटफॉर्मचं छप्पर घेऊन निघाला. दुसऱ्याने पाण्याची टाकी पाडली. तिसऱ्याने लांबचं एक घर आणखी लांब नेलं. छप्पर उडालं ते थेट सासऱ्यांच्या मांडीवर. त्यांनी चष्मा लावला, छप्पर उलटं केलं आणि आतल्या बाजूला छापलेलं मोठ्याने वाचलं. वय वर्षे आठ आणि पुढे.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. म्हणाले, आख्ख्या नोकरीत माझ्या स्टेशनात एक अपघात झाला नाही, जावईबापूंनी पहिल्याच गाडीला करून दाखवला! ही पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

मग ते ढिगाऱ्यात वाकले. बाक उचलला. तळहातावर ठेवला. बोटाने दाबला, तो आखूड पायावर डुगडुगला. म्हणाले, हा आमचा. पायाखाली दगड ठेवायचो आम्ही, कुणीतरी रोज काढायचं. डोळ्यांत पाणी. मला विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, कल्पनाशक्ती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, झालं बरं का, एक काम पुरं झालं तुमच्या हातून.

बाक खिशात घालून घेऊन गेले. लग्नाच्या दिवशीही मी इतका खूश नव्हतो.

१६ मार्च
सकाळी हिला म्हटलं, बघितलंस? शेवटी माझ्या हातचंच भावलं. ही चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, अहो, तो बाक मी केला. तुम्ही एप्रन घालून घोरत होता तेव्हा. दगड रोज काढणारी पण मीच. शाळेतून आले की डुगडुगत बसायचे त्यावर, बाबा ओरडायचे.

मी म्हटलं, मला अंदाज होताच. मला काडीचाही अंदाज नव्हता. सासऱ्यांना फोन करून खरं सांगतो म्हटलं, तर म्हणाली, नका, काल सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले त्यांचे. जावयाने बाक केला म्हणून सांगताहेत, सांगू दे.

मग पहिल्यांदाच विचारलं, स्टेशनात आणखी काय होतं? ही टेबलावर कोपर टेकून बसली. पत्रा, त्यावर पडणाऱ्या चिंचा, घंटेचा दांडा, पार्सलच्या खोलीतली मांजर. माझा चहा गार झाला तरी सांगतच होती. सगळं तिच्या तोंडपाठ. आणि ही शेजारच्याच खोलीत, इतकी वर्षं.

ठरलं. स्टेशन नव्याने करायचं, पत्र्याचं, सरळ रुळावर. ही कापणार, ही चिकटवणार. एप्रन तिला दिला, मापात बसला. माझ्याकडे गोंदाची बाटली उघडून देण्याचं काम आहे.

झाकण चिकटलंय. प्रयत्न चालू आहे.