‘ठोसा’ खेळ, मुकुंदवाडीची खोली आणि सखारामांचा डावा कान

मी, मुकुंद वामनराव सेलूकर, वय ६८, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारचे डॉ. गोकुळ तुपे यांनी दिला आहे. हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्याचा दाखल्याशी संबंध नाही, असं ते म्हणाले.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी मनस्विनी हिला. देवघर ठेवायचं की नाही ते तिनं बघावं. तिची आई गेल्यापासून मी तिकडे फिरकलेलो नाही.

२. सोल्डरिंगचं सगळं सामान माझा जुना भागीदार अभय खेर्डेकर याला. १९८९ साली मुकुंदवाडी स्टेशनमागच्या खोलीत आम्ही दोघांनी ‘ठोसा’ हा बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम बनवला. मराठवाड्यातल्या पार्लरांत त्यानं धुमाकूळ घातला. अभय आजही सांगत फिरतो की डोकं त्याचं, मी नुसत्या तारा जोडल्या. आता त्यानं जोडाव्यात.

३. ती खोली आणि तिथलं ‘ठोसा’चं शेवटचं चालू यंत्र सखाराम भानुदास कुटे, राहणार शेंद्रा, यांना. त्यांनी ते घेतलं तर मी सुटेन. कारण लिहिणं भाग आहे.

पडद्यावर मार खाऊन पडणारा गडी म्हणजे सखाराम. तेव्हा ते स्टेशनावर हमाली करायचे, अंगानं पैलवान. अभयनं ठोसा मारायचा, मी फोटो काढायचा, मग आलेखाच्या कागदावर चौकट चौकट रंगवून माणूस उभा करायचा, अशी आमची रीत. मला ठोसा नीट बसलेला हवा होता. दरवेळी विचारायचो, “लागलं का?” सखाराम म्हणायचे, “नाय साहेब, लागलं नाय.” मी समजायचो, ठोसा बसलाच नाही. “अभय, पुन्हा. जरा जोरात.” ते बिचारे सांगत होते की इजा झाली नाही, काळजी करू नका. असं एका दुपारी चौदा वेळा. पंधराव्याला ते खाली बसले, डाव्या कानातून रक्त आलं. तो फोटो झकास आला आणि तोच खेळात आहे. त्या कानानं त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही.

शब्दाचा घोटाळा झाला, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे दहाव्या वेळी मला अर्थ कळला होता. पण फोटो मनासारखा आला नव्हता.

पुरवणी. वरचा मजकूर आज वकिलांच्या कचेरीत सखारामांच्या उजव्या बाजूला बसून मोठ्यानं वाचला. “ठावं हाय मला,” ते म्हणाले. “तुमचं तोंड दिसत व्हतं की.” मी म्हणालो, निदान खोली तरी घ्या. त्यांनी वकिलांना विचारलं, साक्षीदार कोण? वकील म्हणाले, एक डॉक्टर, दुसरा बघतोय. पण ज्याला काही मिळणार आहे त्याला आम्ही घेत नाही.

“मग मला घ्या,” सखाराम म्हणाले. “मला काय बी नगं. पर ह्यांनी लिव्हलंय त्ये खरं हाय, एवढी सही मी करतो.”

सबब कलम ३ मधलं देणं रद्द. खोली व यंत्र मनस्विनीला. कारणाचा मजकूर खोडू नये.

माझी सही वेडीवाकडी आली आहे. ती माझीच समजावी.

(सही) मुकुंद वामनराव सेलूकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. गोकुळ तुपे, गारखेडा
२. (सही) सखाराम भानुदास कुटे, शेंद्रा

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ जुलै २०२५