बेचिराग

१२ जानेवारी १९५७
तीन वर्षं मोडी कागद मी वाचले, उजाड गावांची यादी मी केली. आज पुस्तकाची मुद्रितं आली. लेखक एकटे प्रोफेसर. यापुढे नुसतं प्रो., पूर्ण लिहायची लायकी नाही. विचारलं, तर म्हणे, "कारकुनाचं नाव कव्हरवर घालतात का रे?"
सूड घेणार. कसा, ते अजून ठरलं नाही.

१५ जाने.
मुद्रितं तपासायचीही मीच. ठाकूरद्वारच्या प्रेसमध्ये बसलो. माझा 'बेचिराग' प्रो.नी लाल शाईने सगळीकडे 'बेचिराख' केलाय! समासात शेरा: शुद्धलेखन शिका. अहो, कागदात 'ग' आहे. चिराग नाही, दिवा लागत नाही, असं ओस गाव. ह्यांना राख दिसली. राख म्हणजे आग, आग म्हणजे दिल्लीची मोगल फौज. सगळं पुस्तक त्यावर उभं.

१६ जाने.
नाना गिरणीतली पाळी संपवून आले, त्यांना सांगितलं. म्हातारा बाप हसला. "जाळतंय कोन? रान तोडून वावरं केली, झरा आटला, वर पावसानं पाठ फिरवली. गाव उठलं. मानसं गेल्यावर रान माजलं, झरा परत वाहाया लागला, तवा माझ्या आज्याचा आजा माघारी ग्येला."
कागदही हेच सांगतात. माझं टिपण हेच होतं. प्रो.नी गाळलं.

२१ जाने.
'ख' तसाच सोडला. कंपोझिटर म्हणाला, "मास्तर, हे बरोबर आहे ना?" म्हटलं, "साहेबांचं शुद्धलेखन आहे, हात लावू नका." घरी बायकोला शिरा करायला सांगितला.

२ मार्च
गिरगावात सभा. प्रो. गरजले, "दिल्लीने आमची गावं बेचिराख केली!" टाळ्याच टाळ्या. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवाय, लाठी मीही खाल्ली आहे. पण टाळ्या ह्याला? अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक निघू दे. त्यावरच्या प्रो.च्या व्याख्यानात मूळ कागद त्यांच्यापुढे करणार. म्हणणार, वाचा. प्रो.ना मोडीतला म सुद्धा येत नाही.

९ एप्रिल
पुस्तक आलं. शेवटी आभाराचं पान, मुद्रितात नव्हतं. "मोडी कागदांतील शब्दन् शब्द श्री. केशव जाधव यांनी ताडून दिला आहे."
मेलो. चूक आता माझ्या नावावर.
नानांना वाचता येत नाही. माझं नाव कुठलं ते विचारून त्यावर बोट ठेवून बसले. शेजारच्या चार खोल्यांत दाखवून आले.

१३ एप्रिल
उद्या व्याख्यान. बोललो तर लोक विचारणार, तपासलं कोणी? नाही बोललो तर तो हरामखोर सुटला, आणि राख कायमची.
नानांनी धुतलेलं धोतर काढून ठेवलंय. पुढच्या रांगेत बसणार म्हणतात.
"आपल्या गावाचं नाव घेतील का रं?"
घेतील म्हटलं. पुस्तकातल्या जाळलेल्या गावांच्या यादीत तिसरंच आहे.
मूळ कागद कोटाच्या खिशात ठेवला आहे.