धानाचं पाणी

बाबा, उद्या मी तुमची गोष्ट सांगणार आहे, आणि ती तुमची आहे हे पण सांगणार आहे. आमच्या कॉलेजात राइस मिलवाल्यांची मीटिंग ठेवलीय. सावलीपासून नागभीडपर्यंतचे मालक येतील. अर्ध्या लोकांनी तुमच्यासोबत चहा प्यायलेला आहे. मामाला हे कळलं, तसा तो आज सावलीहून थेट चंद्रपूरला आला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्या बापाले जाऊन तेरा वर्षं झाले. आता त्याची अब्रू काऊन काढून राह्यली वं तू?" मी म्हटलं, मामा, चहा घे. नाही घेतला. मिल आता तोच चालवतो, म्हणून त्याला जास्त झोंबलं. मला सगळेच थांबवतात, बाबा. एचओडी म्हणतात, मार्केटिंग शिकव, त्यानं पोरांना नोकऱ्या लागतात. मी शिकवते की कंपनी असते कशासाठी, आणि हवामान बदलत असताना धंद्यानं स्वतःला कसं बदलायचं. पोरं हसतात. हसू देत. मी थांबणार नाही.

माझं मराठी असंच आहे, अर्धं इंग्रजी. तुम्हीच कॉन्व्हेंटला टाकलं होतं. मी सातवीत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेलवरून घरी आले होते. मिलच्या अंगणात पाय भाजतात, उकडलेलं धान वाळत पडलंय, त्याचा आंबूस वास माझ्या फ्रॉकला, केसांना. तुम्ही हौदापाशी उभे आहात. धान भिजवून झालं की हौदातलं ते तपकिरी गरम पाणी मागच्या पडीक जमिनीत जायचं. त्या वर्षी गावचा तलाव लवकर आटत आला होता. मासेमार सोसायटीचा म्हातारा आला, डोक्याचं फडकं काढून म्हणाला, "भाऊ, हे पाणी फुकट चाललं न. तलावात सोडा. धानाचंच होय, मासोळ्या मोट्या होतील." तुम्हाला एकदम पटलं. ते लोक तसेही मासोळ्यांना कोंडा टाकायचे, मग धानाचं पाणी म्हणजे तर खाणंच. "घ्या न," तुम्ही म्हणालात, "आमाले काय करायचं त्याचं?" तुम्ही दोघंही किती खूश होता! एका दिवसात नाली खोदून झाली, हौदाला लोखंडी चाकाचा वॉल्व बसला, आणि पाणी तलावाकडे निघालं.

चौथ्या दिवशी सकाळी आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलोय. आई भाकर टाकतेय. म्हाताऱ्याची सून, जी दर आठवड्याला आपल्याकडे मासोळ्या विकायला यायची, ती न विचारता आत आली आणि टोपली तुमच्या ताटासमोर ठेवली. पांढऱ्या पोटाच्या मासोळ्या, वर माशा. आईला म्हणाली, "घ्या बाई. आज तोलायचं काम नाई. तुमच्याच मिलनं उकडल्या." तुम्ही हात आखडला. "तुह्या सासऱ्यानंच मांगतलं होतं न पाणी!" ती दाराला टेकली. आवाज चढवला नाही तिनं. "मांगतलं होतं भाऊ. आमी कुठी मिल चालवतो? मिल तुमची होय. त्या पाण्यात काय हाये, हे तुमाले मालूम पाह्यजे."

बाबा, माझं सगळं करिअर त्या एका वाक्यावर चाललंय. मी किती जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचली, त्यांच्यात हे इतकं साफ कुठेच नाही. मिल तुमची होय, तुमाले मालूम पाह्यजे. त्या पाण्यात उतरलेला धानाचा अंश कुजला की तलावातला प्राणवायू खाऊन टाकतो, उथळ गरम तलावात तर लवकरच, हे मी खूप नंतर शिकले. पण ती गेल्यावर मी तुम्हाला एवढं तर म्हटलं होतं, "मग बंद करा ना वॉल्व." तुम्ही म्हणालात, "तू आपली इंग्रजी शीक. धंदा धंद्यासाठी असते. पाऊस आला का धुऊन जाते सारं."  टोपली आईनंच उचलली.

मला पहिल्यांदा पाणी सोडल्याचा राग नाही. चूक दोघांची होती, कोणालाच माहीत नव्हतं. राग दुसऱ्या वर्षाचा आहे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं आणि पाणी पुन्हा तलावात गेलं. तलावात मासोळी उरली नाही, तेव्हा त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याचं अख्खं घर आंध्रात मिरची तोडायला गेलं. परत आलं तेव्हा म्हातारा सोबत नव्हता. हे मी वर्गात सांगते, आणि उद्या पण सांगणार. आता तर उन्हाळे आणखी लांबतात, तलाव आणखी लवकर आटतात, आणि मालक अजून तुमचंच बोलतात, पाऊस आला का धुऊन जाते. कुठला पाऊस, बाबा? नागभीडकडच्या एका मालकानं माझं ऐकून हे पाणी साफ करायला वेगळा हौद बांधला. लोक त्याला येडा म्हणतात. उद्या मी त्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

आतापर्यंत माझ्या नोट्समध्ये लिहिलेलं होतं, 'दुसऱ्या राज्यातली एक मिल. मालकानं सगळं माहीत असून वॉल्व उघडला.' आज मामा गेल्यावर मी 'दुसऱ्या राज्यातली' खोडून 'माझ्या वडिलांची' लिहिलं. बरं वाटलं. मग पुढचं वाक्य वाचलं आणि तिथेच अडकले.

कारण वॉल्व तुम्ही कधी उघडलाच नाही. पहिल्या वर्षी तुम्ही मला उचलून चाकापाशी उभं केलं होतं, "घे, तूच उघड, मालकीणबाई," आणि चाक फिरलं तेव्हा सगळे गडी हसले होते. दुसऱ्या वर्षी मी हॉस्टेलवरून आले, तशी तुम्ही अंगणातूनच हाक मारली, "मालकीणबाई, ये वं!" वर्षभरात मला तसं कोणी बोलावलं नव्हतं. टोपली मला आठवत होती. ती बाई काय म्हणाली ते पण.

मी पळत आले आणि चाक फिरवलं.

नोट्समधलं 'मालकानं वॉल्व उघडला' हे वाक्य अजून तसंच आहे. उद्या मीटिंगला मामा पण येईल, हे पत्र त्याच्या हाती नको लागायला, म्हणून पर्समध्येच ठेवतेय.