तीनशे वर्षांपूर्वीचं हत्यार

३ मार्च
परसात नळासाठी खणताना निघालेली ही वस्तू काय आहे? मला माहीत नाही. स्वतःच्या डायरीत खोटं कशाला लिहू? पण घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा शोधही मीच लावणार. वीतभर लाकडी मूठ, गंजलेलं पातं, टोक आकडीसारखं वळलेलं. बारा तारखेला संग्रहालयात सहायकाच्या जागेचा इंटरव्ह्यू आहे. ही घेऊनच जाईन. जागा आपलीच.

४ मार्च
टूथब्रशने घासून काढली. बाबांच्या. माझा नवा आहे.
बाबा काहीतरी सांगायला लागले. म्हटलं, बाबा, अंदाज नकोत, पुरावा हवा. बरं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

७ मार्च
निष्कर्ष : शस्त्रक्रियेचं हत्यार. किमान तीनशे वर्षं जुनं. वापरणारी बहुधा स्त्री वैद्य. पुरावा नाही, पण असायला हवी. निबंध नऊ पानं.

८ मार्च
फोटोसाठी वस्तू बाबांच्या हातात दिली. अंगठा मुठीवरच्या खळग्यात चपखल बसला. म्हणजे कुणाच्याही हाताला बसेल अशी रचना! मुद्दा दहावा. पण कॅमेऱ्याकडे न बघता वस्तूच निरखत बसले, तीन फोटो वाया. वस्तू परत देईनात. ओरडावं लागलं.

११ मार्च
आई कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, अगं शहाणे, ते त्यांचंच आहे. घोड्यांचे खूर तासायचे त्याने. दुसरीत असताना तूच म्हणालीस, बाबा, शाळेत येऊ नका, तुमच्या अंगाला घोड्याचा वास येतो. त्याच संध्याकाळी पुरलं. मग आयुष्यभर लोकांच्या गेटवर वॉचमन.
मला असं काही आठवत नाही. शिवाय आईचं शिक्षण चौथी. एका साक्षीवर तीनशे वर्षं सोडता येत नाहीत.

१२ मार्च, दुपार
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले. त्यांना बाहेर बाकावर बसवलं.
अधिकारी बाईंनी निबंध उघडलाही नाही. म्हणाल्या, नालबंदाचं हत्यार, फार तर पन्नास वर्षांचं. यावर नऊ पानं काय लिहिलीत? जागेसाठी नाही म्हणाल्या. मग एकदम पुढे झुकून विचारलं, हे चालवणारं कुणी आहे का हो? लोकांना करून दाखवायला माणूस दोन वर्षं शोधतोय. पगार देऊ, मान देऊ.
बाहेर आले. बाबा उठून उभे राहिले, काय म्हणाल्या विचारलं. कळवतील म्हटलं.
या वयात त्यांना दगदग सोसणार नाही. त्यांच्याच भल्याचा विचार करून मी आत सांगून आले : वडील होते, वारले.