पिठाच्या डब्याखालचा कागद

अल्लीपूर

बेटा रिहाब,

हे पत्र तुह्या हाती द्याची हिंमत नाई, तरी लिहून राह्यली.

तुमच्या विद्यापीठानं बाहेरदेशच्या लेकरायले गावातली घरं जोडून देली, तवा सुदानची तू आमच्या घरी आली. भुलाबाईच्या गाण्यायले आठ दिवस राह्यली. विद्यापीठाच्या मॅडमनं मले आधीच कागद देला होता. पोरगी मुक्कामाले आली का चोवीस तासांत तो भरून ठाण्यात द्याचा. मी भरला, अन् पिठाच्या डब्याखाली ठेवून देला. माहेरी आलेल्या लेकीची खबर ठाण्यात कोण देते? तू इचारलं, तवा मात्र 'देला' म्हटलं.

आता ठाण्याच्या तपासणीत निघालं का कागद पोचलाच नाई. तू ठाण्यातल्या साहेबाले सांगतलं, "माँ ने दे दिया है." साहेबानं मले बोलावलं. कबूल करशीन तर आपणच अडकू, असं माह्या घरधन्यानं, रूपरावनं, घरून निंगतानाच बजावलं होतं. मी तुह्यासमोर म्हटलं, "मले कागद भेटलाच नाई. ह्या पोरीनं काही सांगतलंच नाई."

तू माह्याकडे पाह्यलं. मंग मान खाली घालून म्हणाली, "मेरी ही गलती है."

शनिवारी तुले परत धाडतेत म्हणे. तिथं लढाई चालू हाय, तुहं घर जळलं हाय. आज बेस्तरवार.

सकाळपासून तीनदा डबा उचलला अन् तीनदा खाली ठेवला. कागदावर नात्याचा रकाना हाय. त्यात माह्याच हातानं लिवलं हाय : मुलगी.

आई म्हणून घ्याले तोंड न उरलेली,
आनंदाबाई