पाठमोरी

प्रिय एलिन,

तुझं पत्र आल्यापासून ते माझ्या एप्रनच्या खिशात आहे. भाकरीच्या पिठाचे डागही पडलेत त्यावर. मी उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. तू लिहिलंस, ‘मावशी, आईचा फोटो पाठवू नकोस. बाळाच्या खोलीत मला ती नको. मी तिच्याच रक्ताची. एक दिवस मीही अशीच पाठ फिरवून निघून गेले तर?’ अगं, पोटुशी बाईच्या मनात नाही नाही ते येतं, हे मला कळतं. पण ‘छे, काहीतरीच काय!’ एवढंच लिहून तुझी समजूत पटली नसती. माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. गुरुवारी मिळालं. सगळं क्रमाने सांगते. लहानपणी गोष्टीच्या शेवटाकडे उडी मारायचीस, तशी आता मारू नकोस.

आपलं सिनेमाघर पाडताहेत. तिथे किराणा दुकान होणार. तळघरात, जिथे नदीचा बर्फ भुशात गाडून ठेवायचे, तिथे गड्यांना फिल्मचे डबे सापडले. लीलंडने लपवलेले. हो, सिनेमाचं मशीन चालवणारा आपला लीलंड. आता काठी घेऊन चालतो, पण जीभ तशीच तिखट. तुला आठवत असेल, रेल्वे आपल्या गावाशी संपते. सिनेमे देशभर झिजून झिजून इथे यायचे, आणि कंपन्या कळवायच्या की परत पाठवू नका, जाळून टाका. लीलंड इमानाने जाळायचा. ‘राखेरी खिंड’ तेवढा त्याने जाळला नाही. तो आपल्याच टेकड्यांत घेतलेला, तुझी आई ज्यात घोडा दौडवते तो. ती कंपनी कधीच बुडाली. दुसरी प्रत जगात कुठे असेल, असं लीलंडला वाटत नाही.

तुझ्या आईचं काम काय होतं, हे तुला कुणी धड सांगितलेलंच नाही. सिनेमाची नायिका घोडा दिसला की थरथरायची. मग तिच्यासारख्या पिवळ्या केसांचा टोप आमच्या गुद्रुनच्या, तुझ्या आईच्या डोक्यावर चढवायचे आणि ही खिंडीतून घोडी पिटाळायची. नियम एकच, चेहरा दिसता कामा नये. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा, “पाठ, बाई, पाठ! तुझं थोबाड नकोय मला!” घरी येऊन गुद्रुन हसून लोळायची. “टोरा, लोक तिकीट काढून माझी पाठ बघणार! चेहऱ्याला मेलं कुणी विचारलं नाही.” तुझे वडील तू जन्मायच्या आधीच खाणीत दगावले होते. त्या शरद ऋतूत कंपनीने तिला कॅलिफोर्नियाला नेलं. खोली मिळाली की तुला आणि मला बोलावणार होती. खोलीच्या आधी साथीचा ताप आला. इकडे बर्फ पडायच्या आत ती गेली. पण गावाने लक्षात ठेवलं ते एवढंच, की स्टेशनावर पोर रडत होती आणि आई गाडीत चढली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे वाक्य तू शाळेतून घरी घेऊन आलीस आणि मग ते आपल्या घरातच राहिलं.

सहा डब्यांपैकी पाचांत नुसता मधासारखा चिकटा आणि तपकिरी भुगा. वास असा की डोळ्यांना धारा. शेवटचं रीळ मात्र शाबूत, तेही आकसलेलं. अग्निशमनाचा डॅगेट आला आणि म्हणाला, “टोराकाकू, ही फिल्म नाही, बंदुकीची दारू आहे दारू. या उन्हाळ्यात आपणहून पेटेल, आणि पेटलं की पाण्यातसुद्धा विझत नाही. आज दुपारी खाणीच्या खड्ड्यात नेऊन जाळणार.” मी म्हटलं, आमच्या एलिनला तार करते, ती येईल, पोरीने आईला हलताना कधी पाहिलेलं नाही. तो म्हणाला, “तोवर हे राहणार नाही, काकू. कदाचित हे मूठभर गावही नाही.” तेव्हा लीलंड काठी आपटून म्हणाला, “मग आत्ता दाखवतो. मशीन अजून भिंतीशी पक्कं आहे.” डॅगेटने आकांडतांडव केलं. “म्हातारबा, जिवंत जळाल!” लीलंड म्हणाला, “तुझ्या बापाला याच मशीनवर सिनेमे दाखवलेत. तोही असाच किंचाळायचा, पण पडद्यावरची आगगाडी बघून.” शेवटी डॅगेटने गड्यांना बाहेर काढलं, दारं सताड उघडी टाकली, वाळूच्या बादल्या आणि ओली घोंगडी घेऊन स्वतः वर मशीनपाशी उभा राहिला. खिडक्यांवर मी पोती लावली. लीलंडने बजावलं, “टोरा, मधे थांबव म्हणू नकोस. दिव्यासमोर फिल्म क्षणभर थांबली की पेट घेईल. एकदाच जाईल. परत नाही.”

हा सिनेमा पूर्वी गावात लागला तेव्हा मी गेले नव्हते. लीलंड बोलवायला आला, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले होते, मेलेल्या माणसाला नाचवून दाखवतोस म्हणून. आता त्याच खुर्च्यांत एकटी बसले. मशीन खडखडायला लागलं. पडद्यावर डाग, फोड, जळवा वळवळाव्यात तसे. मग त्यातून खिंड. खिंडीत घोडी, आणि घोडीवर एक पाठ. एलिन, ती पाठ मी हजारात ओळखली असती. डावा खांदा जरा खाली. मागून डॅगेट पुटपुटत होता, “सरक, सरक, बाई, अडकू नकोस.” फिल्म एकदा अडखळली, पडद्यावर कडेने तांबडं पसरलं, घोंगडी फडफडल्याचं ऐकू आलं. मी डोळे मिटले नाहीत. तांबडं ओसरलं. घोडी अजून धावतच होती, दूर, दूर.

आणि ती वळली.

टोपाच्या बटा उडाल्या आणि गुद्रुनचा चेहरा, सरळ माझ्याकडे. भेदरलेला. हसरा नाही, सिनेमातला नाही. तिने लगाम खेचला, घोडी जागच्या जागी फिरली आणि ती कॅमेऱ्यावर चालून यायला लागली, घोडीच्या छातीने पडदा भरेपर्यंत. मी ओरडलेच, “थांबव!” वरून लीलंडचं उत्तर, “नाही थांबवता येत, टोरा, बघून घे!” पडदा पांढरा झाला.

लीलंड घामाने निथळत खाली आला. म्हणाला, “ती चूक आहे बघ. दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म उरली नसणार, म्हणून तशीच ठेवली. याच्यासाठीच मी जाळला नाही. पण ती का वळली, हे मला कधी समजलं नाही.” मला समजलं. फक्त मलाच समजणार होतं. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे मी उभी होते, तुला कडेवर घेऊन. धुळीचा लोट आला, तुझा श्वास कोंडला आणि तू अशी किंचाळलीस की मी तुझं तोंड शालीआड धरून खाली बसले. त्यामुळे मी तिला वळताना पाहिलंच नाही. मला आठवतं ते पुढचं. घोडी अंगावर आली, गुद्रुनने उडी टाकली आणि तुला माझ्या हातातून हिसकून घेतलं. भोंगा शिव्या देत होता, ही तुझ्या डोळ्यांतली धूळ जिभेने काढत होती. घरी येताना मला म्हणाली, “टोरा, हिचं रडणं ऐकून मागे पाहिलं की मला पुढे जाताच येत नाही गं.” मी हसण्यावारी नेलं. स्टेशनावर मला ते आठवलं नाही. इतकी वर्षं आठवलं नाही.

फिल्म दुपारी जळली, निळसर उजेडात, भसाभस. तुला दाखवायला माझ्याजवळ काही नाही, म्हणून हे पत्र. मुक्या सिनेमात मधेमधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्या जुळवत जुळवत वाचायला शिकलेली मी. आज तुझ्यासाठी या रिळाची पाटी मीच लिहितेय. स्टेशनावर तू रडत होतीस म्हणूनच ती वळली नाही, एलिन. वळली असती तर गाडीत चढलीच नसती. तू तिच्याच रक्ताची आहेस, हे खरं आहे. तेव्हा बाळ पहिल्यांदा रडेल ना, तेव्हा स्वतःकडे लक्ष ठेव. हातातलं सगळं टाकून तू कशी वळतेस ते बघ. तीच तुझी आई. तिला पाहण्यासाठी आता फोटोही लागणार नाही.

खिंडीच्या अलीकडे अजून तुला कडेवर घेऊन उभी असलेली,
तुझीच,
टोरामावशी